जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज पुन्हा टाकताय? आधी लायसन्स कुठे आहे ते शोधा

जुना कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला की कोणीतरी सांगतंच, "फॉरमॅट मार, नवी विंडोज टाक." सल्ला बहुतेक वेळा बरोबरही असतो. फॉरमॅट होतो, विंडोज चढते, आणि मग स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी फिकट अक्षरं येऊन बसतात. प्रॉडक्ट की टाकली तर ती चालत नाही, असं उत्तर येतं. आधी तर सगळं नीट चालू होतं!

यातला बराच त्रास एका गैरसमजातून येतो. आपल्याला वाटतं की २५ अक्षरांची की म्हणजेच लायसन्स. पण की ही फक्त नोंदीपर्यंत पोचण्याची खूण आहे. जमिनीची नोंद तलाठ्याच्या दप्तरात असते, आपल्याकडची सातबाऱ्याची झेरॉक्स हरवली म्हणून जमीन जात नाही. विंडोजचंही तसंच आहे. म्हणून डिस्क पुसण्याआधी या मशीनची नोंद कोणत्या दप्तरात आहे ते शोधायचं. ते कळलं की पुढचं काम सोपं होतं, आणि अनेकदा की टाइप करावीच लागत नाही.

नोंद असते कुठे?

मशीनच्या वयावरून बराच अंदाज येतो.

एक्सपी, व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या काळातल्या ब्रँडेड मशीनवर की छापलेलं स्टिकर असतं. लॅपटॉपच्या पोटाला, कधी बॅटरी काढल्यावर आतल्या खाचेत, डेस्कटॉपच्या कॅबिनेटच्या बाजूला किंवा डोक्यावर ते सापडतं.

विंडोज ८ ऑक्टोबर २०१२ मध्ये आली आणि पद्धत बदलली. तेव्हापासून डेल, एचपी, लेनोव्हो, एसर, असूस अशा कंपन्यांच्या मशीनमध्ये की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, म्हणजे बायोसमध्ये लिहिलेली असते. स्टिकर असलं तरी त्यावर की नसते, नुसता शिक्का असतो. हार्ड डिस्क बदला, फॉरमॅट मारा, या कीला धक्का लागत नाही.

विंडोज १० पासून तिसरं ठिकाण आलं, मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर. मशीन एकदा ॲक्टिव्हेट झालं की त्याच्या हार्डवेअरची ओळख सर्व्हरवर नोंदली जाते. याला डिजिटल लायसन्स म्हणतात. विंडोज ७ किंवा ८.१ वरून फुकट अपग्रेड झालेल्या असंख्य मशीनचं लायसन्स इथेच आहे. त्यांच्या स्टिकरवर विंडोज ७ ची की आहे, पण १० चा हक्क सर्व्हरवर नोंदलेला आहे.

चौथं ठिकाण सेकंडहँड घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: आधीच्या मालकाच्या ऑफिसचा सर्व्हर. कंपन्यांनी मोडीत काढलेले लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये विकायला येतात. त्यातल्या काहींत ऑफिसच्या एकगठ्ठा लायसन्सवरची विंडोज तशीच असते. ती दर १८० दिवसांच्या आत ऑफिसच्या सर्व्हरला भेटून मुदत वाढवून घेते. तुमच्या घरी तो सर्व्हर नाही. म्हणून लॅपटॉप आणल्यावर काही महिने सगळं छान चालतं आणि मग एक दिवस ॲक्टिव्हेशन गळून पडतं. अशा मशीनवरची की वाचून, जपून, पुन्हा टाकून काही उपयोग नाही. मात्र त्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये कंपनीने दिलेली मूळ की बहुतेक वेळा असते, आणि ती तुमच्या कामाची आहे.

पुसण्याआधीची कामं

मशीन सुरू होत असेल तर पुढच्या गोष्टी आधी करून घ्या. डेटाचा बॅकअप घेतला आहे हे मी गृहीत धरतो.

१. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघडा. विंडोज १० मध्ये ते 'अपडेट अँड सिक्युरिटी' खाली आहे, ११ मध्ये 'सिस्टम' खाली. तिथलं वाक्य नीट वाचा. 'डिजिटल लायसन्स' असे शब्द असतील तर निम्मं काम झालं. पुढे 'लिंक्ड टू युअर मायक्रोसॉफ्ट अकाउंट' असंही असेल तर फारच उत्तम. 'ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस' असं दिसलं तर तो वर सांगितलेला ऑफिसचा प्रकार. याच पानावर एडिशनही दिसेल: होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा. एडिशनचं नाव पुढे किती महत्त्वाचं ठरतं ते येईलच.

२. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. तिथे इंग्रजी छोट्या लिपीत एसएलएमजीआर, मग एक जागा, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून डीएलआय असं टाइप करून एंटर दाबा. खिडकी यायला काही सेकंद लागतात. तिच्यात 'चॅनल' हा शब्द शोधा. 'ओईएम' असेल तर लायसन्स मशीनबरोबर आलेलं आहे आणि मशीनबरोबरच जाणार. 'रिटेल' असेल तर ते वेगळं विकत घेतलेलं, किंवा अपग्रेडमधून सर्व्हरवर नोंदलेलं असतं. 'व्हॉल्यूम' असेल तर ते कुठल्यातरी संस्थेचं आहे. याच खिडकीत कीची शेवटची पाच अक्षरं दिसतात, ती लिहून ठेवा. हाताशी दोन-तीन की असतील तर चालू कोणती आहे ते त्यावरून ओळखता येतं.

३. मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडा. ज्यांना एरवी हे अकाउंट नको असतं त्यांनीही फॉरमॅटपूर्वी एकदा जोडावं असं माझं मत आहे. मदरबोर्ड बदलावा लागला तर लायसन्स परत मिळवायचा हा बहुधा एकमेव सोपा रस्ता उरतो. ही सोय ऑगस्ट २०१६ च्या विंडोज १० पासून आहे. नंतर पुन्हा साधं अकाउंट वापरायला हरकत नाही.

४. विंडोज सोडून बाकीची लायसन्स आठवा. गंमत म्हणजे फॉरमॅटनंतर खरा आरडाओरडा विंडोजसाठी होत नाही, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी होतो! दुकानाच्या किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टॅली असेल तर फॉरमॅटच्या आधी तिच्यातूनच लायसन्स 'सरेंडर' करा. नाहीतर टॅलीच्या दप्तरी ते जुन्या विंडोजवरच अडकलेलं दिसतं आणि सोडवायला फोनाफोनी करावी लागते. अँटिव्हायरसची की मेलमध्ये शोधून ठेवा. लॅपटॉपबरोबर आलेलं ऑफिस कोणत्या मेल आयडीवर नोंदलंय तेही पाहा. जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला खोचायची लायसन्सची किल्ली, लागत असेल तर तिचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) नव्या विंडोजवर चालतो का, हे आधी विचारून घ्या. तो चालत नसेल तर फॉरमॅटचा बेत रद्द करणं शहाणपणाचं.

मशीन सुरूच होत नसेल तर? विंडोज ८ नंतरचं ब्रँडेड मशीन असेल तर काळजी नको, की बायोसमध्ये आहे. त्याआधीचं असेल तर स्टिकर. स्टिकरही नसेल तर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. तिच्यावरच्या रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीतून, की वाचणारे छोटे प्रोग्रॅम मिळतात, निरसॉफ्टचा प्रोड्यूकी त्यातला जुना आणि प्रसिद्ध. अँटिव्हायरस त्याला पाहून ओरडतो, कारण की वाचणं हे चोरांचंही काम आहे. म्हणून असा प्रोग्रॅम मूळ साइटवरूनच घ्यावा.

स्टिकर आणि प्रोग्रॅम वेगवेगळी की का दाखवतात?

विंडोज ७ च्या मशीनवर हा प्रश्न हमखास येतो. खालच्या स्टिकरवर एक की, आणि चालू विंडोजमधून प्रोग्रॅमने वाचलेली भलतीच. मग नवशिक्याला वाटतं की दुकानदाराने फसवलं. तसं काही नसतं.

मोठ्या कंपन्या कारखान्यात प्रत्येक मशीनवर वेगळी की टाइप करत बसत नसत. कंपनीची एकच सामाईक की, बायोसमध्ये एक खूण आणि विंडोजमध्ये कंपनीचं प्रमाणपत्र, या तिघांचं जुळलं की विंडोज इंटरनेटशिवायच ॲक्टिव्हेट होई. प्रोग्रॅम तुम्हाला ही सामाईक की दाखवतो. साध्या डीव्हीडीवरून विंडोज टाकलीत तर ते प्रमाणपत्र नसतं, म्हणून ही की चालत नाही. तुमच्या मशीनची स्वतःची की स्टिकरवरची. ती टाका. ऑनलाइन झाली तर ठीक, नाहीतर फोनवरून करावी लागते.

कंपनीची रिकव्हरी डीव्हीडी किंवा डिस्कवरचा रिकव्हरीचा भाग शाबूत असेल तर हा सगळा खटाटोप टळतो, कारण त्यात प्रमाणपत्र असतंच. सुरू होताना एचपीवर एफ११, असूसवर एफ९, एसरवर आल्ट आणि एफ१० दाबून पाहा. लेनोव्होच्या बऱ्याच लॅपटॉपना नोव्हो नावाचं बारीकसं बटण असतं, टाचणीने दाबायचं. म्हणूनच, 'उगाच जागा खातो' म्हणून रिकव्हरीचा भाग उडवणाऱ्यांवर माझा राग आहे.

स्टिकर पुसट झालं असेल तर एक गोष्ट फार उपयोगी पडते. विंडोजच्या कीमध्ये सगळी अक्षरं येत नाहीत. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर नसतात. एल, एस, झेड नसतात. ०, १ आणि ५ हे आकडेही नसतात. विंडोज ७ पर्यंतच्या कीमध्ये एन नसतो, ८ पासून तो येऊ शकतो. म्हणजे गोल काही दिसलं तर ते शून्य किंवा ओ नाही. डी, क्यू किंवा जी असेल. एस किंवा ५ वाटणारं चिन्ह बहुधा ८, ६ किंवा बी निघतं. झेड वाटला तर तो २ आहे. खरा घोळ उरतो तो बी आणि ८, जी आणि ६, व्ही आणि वाय यांचा. मोबाइलने तिरप्या उजेडात फोटो काढा, मोठा करा, आणि शंकेच्या जागी दोन्ही पर्याय करून पाहा. ओल्या फडक्याने किंवा थिनरने स्टिकर पुसू नका, आहे तेही जाईल.

एडिशन जुळलं नाही तर की चालणार नाही

'माझी की खराब आहे' असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची की ठणठणीत असते. त्यांनी विंडोज दुसरीच टाकलेली असते. होमची की प्रोवर चालत नाही, सिंगल लँग्वेजची साध्या होमवर नाही. आणि भारतात विकलेल्या घरगुती लॅपटॉपपैकी कितीतरींवर होम सिंगल लँग्वेजच असते. त्या एडिशनमध्ये मेनूंची भाषा एकच ठेवता येते. मराठीत टाइप करायला मात्र काही अडचण नाही.

विंडोज ७ च्या काळात हाच गोंधळ दुसऱ्या रूपात होता. भारतात होम बेसिक विकली जायची, नेटबुकवर स्टार्टर यायची, आणि दुरुस्तीवाल्याच्या डीव्हीडीवर असायची अल्टिमेट. सगळ्यांना अल्टिमेट देण्याचा तो उदारपणा ग्राहकाच्या लायसन्सला महागात पडला.

३२ बिट की ६४ बिट याने कीला फरक पडत नाही. एडिशन तेच असलं की एकच की दोन्हीवर चालते. मात्र विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे.

विंडोज ७ ची की टाकून १० किंवा ११ ॲक्टिव्हेट करता येते हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. ते आता जुनं झालं. फुकट अपग्रेडची अधिकृत मुदत २९ जुलै २०१६ ला संपली होती, तरी मागचं दार बरीच वर्षं उघडं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बंद केल्याचं जाहीर केलं. पण जे मशीन त्याआधी एकदा १० वर जाऊन ॲक्टिव्हेट झालं होतं, त्याची सर्व्हरवरची नोंद कायम आहे. अशा मशीनवर एडिशन ठरवण्याचा हिशेब असा: ७ ची स्टार्टर, होम बेसिक किंवा होम प्रीमियम होती तर १० ची होम टाका; प्रोफेशनल किंवा अल्टिमेट होती तर प्रो; ८.१ ची सिंगल लँग्वेज होती तर होम सिंगल लँग्वेज.

प्रत्यक्ष टाकताना

८ जीबीचा किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल विंडोज उतरवून पेनड्राइव्ह तयार करून देतं, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. पैसे लायसन्सचे असतात, विंडोजच्या फाइलींचे नाहीत. दुकानातून 'सगळं प्रीइन्स्टॉल' केलेली डीव्हीडी आणू नका. तिच्यात काय काय कोंबलंय ते कोणालाच माहीत नसतं.

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं की की विचारणारं पान येईल, किंवा येणारच नाही. आलं नाही तर घाबरू नका. इन्स्टॉलरने बायोसमधली की वाचली आणि त्याप्रमाणे एडिशन निवडलं, इतकाच त्याचा अर्थ. पान आलं तर खालची 'आय डोंट हॅव अ प्रॉडक्ट की' ही ओळ निवडा. तुमच्याकडे की असली तरी! विंडोज १० किंवा ११ आधी चालू असलेल्या मशीनवर तिची गरज नसते, आणि गरज पडली तर ती नंतर सेटिंग्जमधून टाकता येते. पुढच्या यादीत एडिशन निवडताना मघाचा फोटो उघडा. नावाला एन जोडलेली एडिशन युरोपातल्या नियमांमुळे काढलेली आहेत, त्यांना हात लावू नका.

उलटा प्रकारही होतो. बायोसमध्ये होमची की आहे, पण तुम्ही मधल्या काळात पैसे भरून प्रो घेतली होती. इन्स्टॉलर विचारत नाही आणि होम टाकून मोकळा होतो. होऊ द्या. नंतर ॲक्टिव्हेशनच्या पानावरचा 'ट्रबलशूट' दाबा. त्या मशीनच्या नावे प्रोची नोंद सापडली तर तो होमचं प्रो करून देतो, फॉरमॅट न करता. प्रोवरून होमवर मात्र असं उतरता येत नाही. चुकून प्रो टाकली आणि लायसन्स होमचं असेल तर पुन्हा पहिल्यापासून.

तरीही ॲक्टिव्हेट होत नाही

सगळ्यात आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. जुन्या मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा बटणासारखा ३ व्होल्टचा सेल असतो. तो संपला की प्लग काढल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. तारीख चुकलेली असली की सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही, आणि दोष कीवर येतो. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. बदला, तारीख आणि वेळ नीट लावा, टाइमझोन भारताचा ठेवा, मग प्रयत्न करा.

दुसरं, इंटरनेट खरंच चालू आहे का? नव्या विंडोजला जुन्या वायफायचा ड्रायव्हर सापडत नाही हे नेहमीचं आहे. मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (मोबाइलचं इंटरनेट कॉम्प्युटरला देणं) चालू केलं की तेवढ्यापुरतं काम भागतं.

एवढं करून चूक दिसत असेल तर कोड पाहा. तो लांबलचक असतो, पण शेवटची चार चिन्हं पुरतात.

एफ०५०: की चुकीची टाइप झाली किंवा दुसऱ्या एडिशनची आहे. वरचं बी-आठचं प्रकरण पुन्हा तपासा.

सी००८: ही की ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळा वापरली गेली आहे. की तुमचीच असेल आणि जुनं मशीन बंद असेल तर मायक्रोसॉफ्टच्या मदत केंद्राशी बोलून मार्ग निघू शकतो.

सी००३: की सर्व्हरने अडवली आहे. सेकंडहँड किंवा स्वस्तात घेतलेल्या कीवर हा कोड दिसला तर विक्रेत्याकडे पैसे परत मागा. दुसरा इलाज नाही.

एफ२११: हार्डवेअर बदलल्याचं सर्व्हरला वाटतंय. यावर पुढे लिहिलंय.

एफ२१३: या मशीनच्या नावे कुठलीच नोंद सापडत नाही. बहुतेक वेळा एडिशन चुकलेलं असतं.

एफ०७४: विंडोज ऑफिसचा सर्व्हर शोधते आहे. म्हणजे तुम्ही संस्थांसाठीची प्रत टाकली आहे. मीडिया क्रिएशन टूलने नवा पेनड्राइव्ह करून पुन्हा सुरुवात करा.

मदरबोर्ड बदलला असेल तर गोष्ट वेगळी. रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड बदलल्याने सहसा काही बिघडत नाही, पण मदरबोर्ड बदलला की सर्व्हरच्या लेखी ते नवंच मशीन. लायसन्स रिटेलचं असेल आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडलं असेल तर 'ट्रबलशूट'मध्ये जाऊन, अलीकडे हार्डवेअर बदललंय हा पर्याय निवडा, अकाउंटमध्ये शिरा, यादीतून आपलं जुनं मशीन निवडा आणि ॲक्टिव्हेट करा. लायसन्स ओईएमचं असेल तर नियमानुसार ते जुन्या बोर्डाबरोबर संपलं. अपवाद एकच: बिघाडामुळे कंपनीनेच बोर्ड बदलून दिला असेल तर हक्क राहतो. म्हणून दुरुस्तीचं बिल जपून ठेवा, आणि नव्या बोर्डात की घालून द्या असं सर्व्हिस सेंटरला आधीच सांगा.

फोनवरून ॲक्टिव्हेट करायचं असेल तर विंडोज आणि आर दाबून एसएलयूआय, जागा, ४ असं टाइप करा आणि देश भारत निवडा. विंडोज लांबलचक आकडा देते. १० आणि ११ मध्ये त्याचे नऊ गट असतात, प्रत्येकी सात आकड्यांचे. तो सांगितला की बदल्यात सहा-सहा आकड्यांचे आठ गट मिळतात, ते चौकटीत भरायचे. फोनवर आधी यंत्र बोलतं, आणि ते वेबच्या दुव्याकडेही पाठवू शकतं. कंटाळवाणं काम आहे, पण जुन्या स्टिकरवरच्या कीसाठी हाच रस्ता चालतो. आकडे लिहून घ्यायला शेजारी कोणीतरी बसवा.

तीनशे रुपयांची की आणि फुकटचा ॲक्टिव्हेटर

ऑनलाइन बाजारात विंडोज प्रोची की काहीशे रुपयांत मिळते. ती आज चालेलही. पण अशा की बऱ्याचदा एखाद्या संस्थेच्या एकगठ्ठा कोट्यातून फुटलेल्या असतात आणि त्या की कधी अडवल्या जातील ते विक्रेताही सांगू शकत नाही. त्यापेक्षा न ॲक्टिव्हेट केलेली विंडोज वापरलेली बरी, असं मी सरळ म्हणेन. विंडोज १० आणि ११ तशीही चालतात: कोपऱ्यातली अक्षरं दिसत राहतात, वॉलपेपर आणि रंगांची सेटिंग्ज बंद राहतात, पण सुरक्षेचे अपडेट येतात. परवान्याच्या दृष्टीने हा कायमचा उपाय नाही. योग्य लायसन्स शोधेपर्यंतची ती सवड आहे.

ॲक्टिव्हेटर नावाच्या फाइलींची मात्र शिफारस कोणी कितीही केली तरी नको. त्या चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा अशी सूचना असते. ज्या मशीनवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करता, तिथे अनोळखी फाइलीला ॲडमिनचे अधिकार द्यायचे, तेही पहारेकऱ्याला बाहेर पाठवून! शिवाय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. त्यात ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करून फक्त दंड करू शकतं. दुकान किंवा क्लास चालवणाऱ्यांनी हे विशेष वाचावं.

मशीनच फार जुनं असेल तर

की सापडली, विंडोज ७ ॲक्टिव्हेटही झाली, तरी तिचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला आहे. एक्सपीचा तर ८ एप्रिल २०१४ ला. अशी मशीन इंटरनेटला न जोडता जुन्या प्रिंटरसाठी किंवा जुन्या सॉफ्टवेअरसाठीच ठेवा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, आणि तिच्यासाठी २२एच२ हे व्हर्जन आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मशीन त्यात बसत असेल तर १० चं लायसन्स त्याच एडिशनच्या ११ वर चालतं, नवी की लागत नाही.

बसत नसेल, आणि कामं ब्राउझर, मेल, पत्रं, मुलांचा अभ्यास इतकीच असतील, तर विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टम, म्हणजे लिनक्स मिंट किंवा सरकारी संस्था सी-डॅकची बॉस लिनक्स, टाकून पाहा. मिंटचा पेनड्राइव्ह डिस्कला हात न लावता तसाच चालवून बघता येतो. वायफाय लागतं का, प्रिंटर ओळखतो का, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालतो का, एवढं तपासा आणि मगच इन्स्टॉल करा. तिथे की विचारत नाहीत. टॅलीवर किंवा विंडोजच्याच एखाद्या प्रोग्रॅमवर अडलेल्यांना मात्र हा रस्ता नाही. त्यांनी नवं लायसन्स घेण्याऐवजी विंडोज ११ चं लायसन्स असलेला आणि बिल मिळणारा रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकलेला) डेस्कटॉप पाहावा. घेताना दुकानातच मशीन सुरू करायला लावा आणि पैसे देण्याआधी एसएलएमजीआरची ती खिडकी उघडून 'व्हॉल्यूम' दिसत नाही ना ते बघा.